हलगीला माइक लागत नाही

तुरी मळून घरात आल्या आणि हरभऱ्याला घाटे धरू लागले, की माझे कान टवकारतात. लोकांना हा हंगाम नाकाने कळतो, भाजलेल्या हुरड्याच्या वासाने. मला तो कानाने कळतो. उसाच्या ट्रॅक्टरवर मोठमोठ्याने गाणी वाजू लागतात, एकामागून दुसरा ट्रॅक्टर गेला की दोन गाणी एकमेकांत मिसळतात आणि तिसरंच काहीतरी ऐकू येतं. शेजारच्या शाळेत गॅदरिंगच्या नाचांची तालीम सुरू होते आणि एकच कडवं पंधरा दिवस आमच्या गॅलरीत येत राहतं. कुठल्यातरी मैदानावर मांडवाचे लोखंडी पाइप उतरवतात, त्यांचा खणखणाट होतो. तो ऐकला की मी कपाट उघडून माझा रेकॉर्डर बाहेर काढते आणि त्याचे सेल तपासते. नवरा म्हणतो, लागली का तुला लागण. खरंच लागलेली असते.

मी नांदेडला एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. सोळा वर्षं मुलांना सांगत आले आहे, की सिग्नल वेगळा आणि गोंगाट वेगळा. गोंगाट कमी करणं हे आपलं काम. फळ्यावर हे फार सोपं दिसतं. एक सरळ नागमोडी रेघ काढायची, शेजारी एक पिंजारलेली रेघ काढायची आणि मुलांना विचारायचं, यातली कुठली हवी? मुलं एका आवाजात पहिली म्हणतात. मीही इतकी वर्षं पहिलीच म्हणत होते.

रेकॉर्डर तळहाताएवढा आहे. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे दुपारनंतर कोरडा वारा सुटतो आणि तो माइकच्या जाळीवर असा घोंघावतो, की गाणारा वादळात उभा आहे असं वाटतं. त्यावर उपाय म्हणून मी त्याला माझ्या मुलीचं लहानपणीचं लोकरीचं कानटोपं घालते. हातात कानटोपं घातलेली डबी उंच धरून तासभर उभी असलेली चाळिशीची बाई बघून लोक हसतात. हसू देत. मला त्यांच्या हसण्याचं काही वाटत नाही, फक्त ते रेकॉर्डिंगमध्ये येतं याचं वाटतं.

नांदेडजवळ विष्णुपुरीच्या अलीकडे, धरणाच्या पाण्यापासून फार लांब नाही अशा एका मैदानावर दरवर्षी या दिवसांत दोन दिवसांचा संगीताचा मेळा भरतो. रात्रीचे कार्यक्रम नावाजलेल्या मंडळींचे. आमची मंडळी दुपारी चारची. आमची म्हणजे ‘ढेकूळ’ नावाचा लातूरचा बँड. पाच जण आहेत. स्वाती गाते, एक जण पेटीवर, एक गिटारवर, एक कधी ढोलकी तर कधी नुसतं पाण्याचं रिकामं पिंप घेऊन बसतो, आणि पाचवा माणिक, हलगीवर. त्यांची गाणी त्यांचीच. एक गाणं आहे ज्वारीच्या पिकातली पाखरं हाकणाऱ्या बाईचं. त्यात ती पाखरांशी भांडता भांडता हळूहळू नवऱ्याशी भांडू लागते. ते गाणं मी शंभर वेळा ऐकलं असेल आणि शंभर वेळा हसले आहे.

माणिक माझ्या गावचा. औशापासून चार कोसांवर आमचं गाव. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. आमचं घर गावात, त्याचं बौद्ध वस्तीत. शाळा बरोबर मध्ये. तो पुढे लातूरला आयटीआयमध्ये शिकला आणि आता तिथेच मुलांना फिटरचं काम शिकवतो. मी नांदेडला आले. मधली वीस वर्षं आम्ही एकमेकांना विसरलो होतो. मग एका मेळ्यात स्टेजवर हलगी घेऊन उभा राहिलेला एक टक्कल पडलेला माणूस बघितला आणि त्याच्या उभं राहण्यावरून ओळखलं. वर्गात कविता म्हणताना तो असाच एक पाय पुढे टाकून उभा राहायचा.

पहिल्या तीन वर्षांत मी केलेली रेकॉर्डिंग्ज अजून माझ्याकडे आहेत. एकात माझ्या शेजारी बसलेली म्हातारी ऐन गाण्यात सुनेला म्हणते, शेंगा दे की इकडं. दुसऱ्यात एक बाळ रडतं, त्याची आई त्याला समजावते, मग आईला समजावायला आजी येते. तिसऱ्यात कुणीतरी फोनवर आपल्या माणसाला मैदानाचा पत्ता सांगत आहे, आणि तो माणूस इतका मठ्ठ आहे, की पत्ता तीनदा सांगावा लागतो. पाखरं हाकणाऱ्या बाईचं अख्खं गाणं त्या पत्त्याखाली गाडलं गेलं. मी घरी येऊन ते ऐकलं आणि चिडून दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तेव्हाच ठरवलं, की पुढच्या वर्षी सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घ्यायची. लोकांच्या हातापायातून, खोकल्यातून आवाज वेचत बसायचं नाही. जे माइकमध्ये जाईल ते वायरीने थेट माझ्या डबीत येईल, धुतल्या तांदळासारखं स्वच्छ.

तो पुढचा हंगाम म्हणजे गेल्या वर्षीचा. यंदा पुन्हा मांडवाचे पाइप वाजू लागले तसा तो आठवतोय.

मेळ्याच्या आठवडाभर आधी माणिकचा फोन आला. रेकॉर्डिंग करणार आहेस ना, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, दरवर्षी करते. तो म्हणाला, यंदा चांगलं कर. मग म्हणाला, "बाबाला ऐकवायचं हाय. एकदा ऐकतो म्हनले. एकदाच."

त्याचे वडील किसनबाबा. आता ऐंशीच्या आसपास असतील. त्यांनी मुलाची हलगी कधी ऐकली नव्हती. माणिक पंचवीस वर्षं वाजवतोय, लातूरला, पुण्याला, मोर्चांत, कॉलेजांत, आणि बापाने एकदाही ऐकली नव्हती, कारण त्यांना ऐकायचीच नव्हती. हलगी या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं त्यांनी माणिकला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वाजवू नको म्हणाले नाहीत. आत आणू नको म्हणाले. माणिकने ते पाळलं. गावी जाताना तो हलगी लातूरला ठेवून जायचा.

याचं कारण मला ठाऊक होतं, पण आमच्या बाजूने. आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जायची. माझ्या लहानपणी पाहुणे जमले, की आजोबा ती रंगवून सांगत. एका वर्षी वस्तीतल्या लोकांनी ठरवलं, की आता गावासाठी हलगी वाजवायची नाही, लग्नात नाही, सणाला नाही. त्यांनी हलग्या खाली ठेवल्या. त्या वर्षी पोळ्याला आमचे बैल मुके निघाले, असं आजोबा म्हणायचे आणि सगळे हसायचे. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि पुढे वाजवणारं कुणी नाही. बैलसुद्धा बिचकून इकडेतिकडे बघत होते म्हणे. मीही हसायचे. गोष्ट बैलांची होती, त्यामुळे हसायला सोपी होती.

तिच्या मागचा भाग मला चाळिशीत कळला, माणिककडून, एकदा मेळ्यानंतर चहा पिताना. हलग्या खाली ठेवणाऱ्यांत किसनबाबा सगळ्यात तरुण आणि सगळ्यात चांगले वाजवणारे होते. बाबासाहेबांच्या मागे जाऊन धम्म घेतला त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती, पण गाव ऐकत नव्हतं. सांगावा आला की जावंच लागे. ज्या दिवशी जायचं थांबवलं, त्यानंतरच्या हिवाळ्यात गावातल्या एकाही शेतावर वस्तीतल्या माणसाला कामाला बोलावलं नाही. तुरी उभ्या होत्या, ज्वारी काढायला आली होती, तरी बाहेरगावची माणसं आणली. आमच्याही शेतावर. माणिक हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, कपातल्या चहाकडे बघत होता. मी म्हणाले, मला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, तुला कोण सांगणार.

म्हणून गेल्या वर्षी तो फोन आला तेव्हा मला फार आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर थोडी मोठेपणाचीही भावना झाली. हे काम माझ्या हातून होणार होतं. किसनबाबा एकदाच ऐकणार होते आणि ते एकदा माझ्या डबीतून ऐकणार होते. मी माणिकला विचारलं, तू स्वतः का नेत नाहीस? तो म्हणाला, मी समोर असलो तर ते ऐकणार नाहीत, नुसतं माझं तोंड बघतील. मेळ्यानंतरच्या रविवारी मी हुरड्याला गावी जाणारच होते. तेव्हा घेऊन जाते म्हटलं.

त्या दिवशी मी दोन वाजताच मैदानावर पोचले. साउंड गफूरभाईंचं होतं. गफूरभाई म्हणजे आमच्या भागातला या कामातला जुना माणूस, अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, आणि मिक्सरवर कुणी हात ठेवला तर डोळ्यांनीच हात उचलायला लावणारा. मी लाइन मागितली. त्यांनी मला खालपासून वर पाहिलं, कानटोपं घातलेल्या डबीकडे पाहिलं आणि काहीही न विचारता वायर दिली. मी कानटोपं काढून पर्समध्ये टाकलं. आज त्याची गरज नव्हती.

स्टेजच्या मागे माणिक हलगी शेकत होता. कातड्याची हलगी थंडीत सैल पडते, तिला जाळावर धरून तापवावी लागते. आता बरेच जण प्लास्टिकचं पान लावतात, त्याला जाळ लागत नाही. माणिक कातडंच वापरतो. त्याने वाळलेली चिपाडं पेटवली होती, हलगी जाळावर फिरवत होता आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघत होता. पहिल्यांदा धप्प, मग जरा कोरडं, मग टणत्कार. व्यवस्थापक येऊन म्हणाले, इथे जाळ नको, मांडव आहे. माणिक म्हणाला, झालंच. अजून बराच वेळ होत नव्हतं. चिपाडांचा गोडसर धूर सगळीकडे पसरला होता आणि मला वाटलं, हा वासही कुठल्या वायरीने घेता आला असता तर बरं झालं असतं.

बँड स्टेजवर आला. गफूरभाईंनी माइक मांडले. स्वातीला एक, पेटीला एक, गिटारची वायर, ढोलकीला दोन. माणिकच्या पुढे काही ठेवलं नाही. मी विचारलं, यांना? गफूरभाई हसले. "हलगी को माइक? मॅडम, वो खुद भोंगा है." आजूबाजूचे दोघेतिघे हसले. मीही हसले. सोळा वर्षं सिग्नल शिकवणारी बाई तिथे उभी राहून हसली आणि तिला पुढचं काही सुचलं नाही.

गाणी सुरू झाली. मी कानाला हेडफोन लावले नाहीत. लावले असते तर पहिल्या मिनिटातच कळलं असतं. पण मला ते समोर ऐकायचं होतं, आणि डबीवरचे दिवे हिरवे होते, काटा हलत होता, म्हणजे सगळं नीट चाललं होतं. चार वाजताचं ऊन तिरपं झालं होतं. धरणाच्या बाजूने वारा येत होता आणि हलगीचा प्रत्येक ठोका मैदानासमोरच्या एका इमारतीवर आपटून जरा उशिरा परत येत होता. म्हणजे माणिक वाजवायचा आणि ती इमारत पुन्हा वाजवायची. हे लक्षात आल्यावर तो मध्ये मध्ये इतकी जागा सोडू लागला, की इमारतीचा ठोका बरोबर त्यात पडावा. हे त्याने आधी ठरवलेलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्यालाही ते आत्ताच सापडलं आहे.

शेवटच्या आधीच्या गाण्यात स्वाती थांबली. माइकवर त्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, गावासकट, आणि बाजूला झाली. मग बाकीचे सगळे थांबले. गफूरभाईंनी पटापट सगळ्या माइकांचे आवाज खाली ओढले, कारण एकट्या हलगीचा ठोका उघड्या माइकमध्ये शिरला की स्पीकर शिट्टी मारतो. मी त्यांच्या बोटांकडे कौतुकाने बघत होते. काय सफाई आहे हाताला, असं मनात म्हणत होते. माणिक दोन मिनिटं एकटा वाजवत होता. उजव्या हातात टिपरू, डाव्या हातात बारीक काडी, डोळे अर्धे मिटलेले. त्या दोन मिनिटांत काय होतं हे मला लिहिता येणार नाही. मी फक्त एवढं सांगू शकते, की ते बसवलेलं नव्हतं आणि त्याला पुन्हा तसं जमणार नाही असं त्यानेच नंतर मला सांगितलं.

त्यानंतरचा आठवडा प्रॅक्टिकल परीक्षांचा होता. बाहेरचे परीक्षक, जर्नलांवर सह्या, मुलांचे रडके चेहरे. घरी आल्यावर मी रेकॉर्डिंगचं पहिलं मिनिट तेवढं ऐकलं. स्वातीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. पेटीच्या पट्ट्यांचा खडखडाट, गिटारच्या तारेवरून सरकलेलं बोट. शेंगा नाहीत, बाळ नाही, पत्ता नाही. आयुष्यात केलेलं सगळ्यात स्वच्छ रेकॉर्डिंग. मी माणिकला मेसेज केला, फार छान आलंय. त्याने नुसते हात जोडलेले पाठवले.

रविवारी सकाळी नांदेडहून लातूरच्या बसमध्ये बसले. लोहा मागे गेल्यावर गर्दी जरा कमी झाली, खिडकीजवळची जागा मिळाली, तेव्हा हेडफोन लावले. बाहेर ज्वारीची कणसं भरली होती. पहिलं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गाणं चांगलं होतं पण बसून म्हटल्यासारखं. आवाज वाढवला. स्वातीच्या मागे, खूप लांब, दोन शेतांपलीकडे कुणी लाकूड फोडत असावं तसं काहीतरी होतं. ती हलगी होती. जिच्यामुळे इमारत वाजत होती ती हलगी स्वातीच्या माइकमध्ये चुकून शिरली तेवढीच माझ्याकडे आली होती. मग मी पुढे नेऊन ती दोन मिनिटं लावली. स्वातीने नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, गाव घेतलं आणि पुढे काही नव्हतं. अगदी काहीच नाही. शेवटी टाळ्यासुद्धा नाहीत, कारण टाळ्यांनाही माइक नव्हता.

 सगळं एकदम कळलं आणि इतकं सोपं होतं, की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. वायरीतून तेच येतं जे माइकमध्ये जातं. ज्याचा आवाज मुळातच मोठा, त्याला कुणी माइक देत नाही. हे मी परीक्षेत विचारते. आणि मला सगळ्यात वाईट हे वाटलं, की त्या अख्ख्या मैदानावर ज्याच्याकडे खरं रेकॉर्डिंग नव्हतं असा माणूस बहुधा मी एकटीच होते. शेंगा खात मोबाइल वर धरून बसलेल्या कुणाकडेही माझ्यापेक्षा जास्त हलगी असणार होती, शिट्ट्या आणि खोकल्यासकट. पुढे मी असे चार व्हिडिओ शोधून काढले आणि माणिकला दिले. यंदा मी वायर घेणारच आहे, पण कानटोपं घातलेली दुसरी डबी लोकांच्या मध्ये घेऊन बसणार आहे. कुणी शेंगा मागितल्या तर मागू देत.

त्या सकाळी मात्र माझ्याकडे तेवढंच होतं. माणिकला फोन करावा असं तीनदा वाटलं आणि तीनही वेळा मी फोन परत पर्समध्ये ठेवला. धीर झाला नाही. त्याने पंचवीस वर्षं वाट पाहिली होती. मग मी ठरवलं, की किसनबाबांना सांगायचं, मशीनचे सेल संपले, पुन्हा आणते. खोटं होतं, पण कुणाचं नुकसान होत नव्हतं. लातूरला बस बदलून औशाला उतरले, चुलतभाऊ मोटारसायकल घेऊन आला होता, त्याच्या मागे बसून गावात जाईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवत होते.

किसनबाबा अंगणात बाजेवर बसले होते. दाढी केलेली होती, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. त्यांची थोरली सून, माणिकची वहिनी, मला हळूच म्हणाली, सकाळपास्नं आंघोळ करून बसलेत. त्यानंतर सेल संपले असं सांगणं मला शक्य झालं नाही. ते उठून आत गेले आणि खुर्चीकडे बोट दाखवलं, तेव्हा मीही घरात जाऊन त्यांच्यासमोर बसले. हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले. त्यांना काही तरी सांगायला हवं होतं, पण मी सांगितलं नाही. बटण दाबलं.

ते पहिली गाणी ऐकत राहिले. पाखरं हाकणाऱ्या बाईच्या गाण्याला जरासे हसले. मी हातातल्या डबीवरचे आकडे बघत होते. ते आकडे पुढे सरकत होते आणि मला त्यांना थांबवता येत नव्हतं. मग त्यांचा चेहरा बदलला, म्हणजे स्वातीने नाव घेतलं असणार. ते सावरून बसले. थोडा वेळ गेला. त्यांनी एका कानावरचा हेडफोन उचलला.

"बंद पडलं का, माय?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "चालू आहे. आत्ता माणिक एकटा वाजवतोय. त्याच्यापुढे माइक नव्हता, म्हणून ते यात आलंच नाही. चूक माझी झाली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हेडफोन परत कानावर ठेवला. उरलेला सगळा वेळ तसाच बसून काढला. पुढचं गाणं सुरू झालं असावं तेव्हा त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत होते. ते म्हणाले, "तो वाजवत व्हता तवा बाकीचे काय करत व्हते?"

मी आठवून सांगितलं. पेटीवाल्याने भाता बंद करून हात मांडीवर ठेवले होते. गिटारवाल्याने गिटार खाली ठेवली होती. ढोलकीवाला त्याच्या हातांकडे बघत होता. गाणारी बाई स्टेजवरच खाली बसली होती, मांडी घालून.

"आन् लोकं?"

लोकांचं खरं ते सांगितलं. मागे काही पोरं शिट्ट्या मारत होती. थोड्या वेळाने तीही थांबली. मग कुणीच काही बोललं नाही, त्याचं संपेपर्यंत.

ते बराच वेळ हेडफोनच्या वायरीवरून बोट फिरवत राहिले. "आमी वाजवायचो तवा कुणी गप बसल्यालं मला आठवत न्हाई," ते म्हणाले. "तुज्या थोरल्या आत्याच्या लग्नात सकाळपस्नं वाजवली. लोकं जेवत व्हते, भांडत व्हते, सरक म्हनत व्हते. आयकत कुणीच नव्हतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता.  आत्याच्या लग्नाचे फोटो मी लहानपणापासून बघत आले आहे. त्यात मांडव आहे, पंगत आहे, घोड्यावरचा नवरदेव आहे, आणि वाजवणारा माणूस एकाही फोटोत नाही. हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला माझ्या घराची लाज वाटली, आणि बैल मुके निघाल्याच्या गोष्टीला हसलेल्या माझीही. मी माफी मागायला तोंड उघडलं.

किसनबाबांनी मान हलवली, ते नको असं. हेडफोन उचलून स्वतःच कानांवर लावले.

"तेवढंच पुन्हा लाव," ते म्हणाले.

मी मागे नेऊन ती दोन मिनिटं पुन्हा लावली. त्यांनी डोळे मिटले. थोरली सून चहा घेऊन दारात आली, काहीतरी विचारणार होती. त्यांना तिची चाहूल लागली असावी, कारण डोळे न उघडता त्यांनी हात वर केला. ती कप घेऊन तिथेच थांबली. ती दोन मिनिटं संपेपर्यंत त्या घरात कुणीच काही बोललं नाही.